रबरी तळ

शेरिडन, वायोमिंग
५ ऑक्टोबर १९७८

चि. डेल्फा हिस,
काकाचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. गुरांच्या रँचवर काम लागलं हे उत्तम झालं. मुकादमाने तुझे कापडी बूट पाहून तुला स्वयंपाकघरात धाडायची भाषा केली, त्यात त्याची काही चूक नाही. तीस वर्षं मी बूटच दुरुस्त करतोय, तेव्हा आता मुकाट्याने ऐक.

बूट दुपारनंतर घे, तोवर पाय सुजलेले असतात. पायाच्या वरच्या बाजूला घट्ट हवा, पण चालताना टाच आत जराशी वरखाली सरकली पाहिजे. दुकानदार पक्षी-फुलं काढलेले बूट दाखवेल, ते नाचायला ठीक आहेत. जीन्स चार बोटं लांब घे, खोगिरावर बसलं की ती वर चढते. शर्टाला दाबाची बटणं हवीत. खोगिराच्या खुंटीत अडकला तर फटाफट उघडतो. आपला पोशाख मिरवायला नाही, अडकलं की सुटायला आहे.

बुटाचा तळ मात्र चामड्याचा, गुळगुळीत. रबरी अजिबात नको. यावर वाद घालायचा नाही.

तुझी आई बरी आहे. रविवारी नेहमीप्रमाणे तिच्याकडे जेवलो. घोड्यांचं नाव काढलं की अजून उठून जाते. पत्र लिहीत जा, म्हाताऱ्याला विसरू नकोस.

तुझा,
हार्लनकाका


बिग पायनी
२ डिसेंबर १९७८

ती. हार्लनकाकांस,
सा. न. वि. वि.

बूट तुम्ही सांगितले तसेच घेतले. पहिले आठ दिवस फोड आले, आता पायातच आहेत हे विसरते. जीन्सच्या लांबीवरून इथली पोरं चिडवत होती, घोड्यावर बसल्यावर गप्प झाली.

पण काका, हिवाळ्यात या तळांचं काय करायचं? सगळीकडे बर्फ आहे. गुरांना गवत टाकताना काल दोनदा आपटले, कोपर सुजलंय. इथले निम्मे लोक हिवाळ्यापुरते रबरी तळ लावून घेतात. येत्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी गावात जाऊन मीही लावणार आहे. तुम्ही नको म्हणालात, पण का ते सांगितलं नाहीत. बाबांच्या बुटांनाही एका हिवाळ्यात होतेच की. ते गेले घोडा बुजला म्हणून, बुटांमुळे नाही.

रागावू नका. माया आहे तेवढी राहू द्या.

तुमची,
डेल्फा


शेरिडन
७ डिसेंबर १९७८

चि. डेल्फा हिस,
आशीर्वाद.

शनिवारी गावात जाऊ नकोस. आधी हे वाच.

तुझ्या बाबांच्या, ड्वेनच्या बुटांना रबर मी लावलं. जानेवारीत तोही असाच बर्फावर आपटला होता. धाकट्या भावाने मागितलं, मी लावून दिलं. एप्रिलमध्ये घोड्यावर बसायच्या आधी तळ बदलून देईन असं ठरलं होतं. तो बूट घेऊन आलाही. तेव्हा माझ्याकडे रोडिओच्या घोडेस्वारी स्पर्धांसाठी बूट नीट करून घेणाऱ्या लोकांची रांग लागली होती. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात ये. तो हसला आणि तेच बूट घालून गेला.

घोडा बुजला हे खरं. पण बुजलेल्या घोड्यावरून माणूस पडतो आणि उठतो. चामडं असतं तर पाय रिकिबीतून सुटला असता. रबर धरून बसलं. घोड्याने कुंपणापर्यंत अर्धा मैल त्याला फरफटत नेलं.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. मला भीती वाटत होती, दुसरं काही कारण नाही. तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, पण तळ बदलू नकोस.

हार्लन


बिग पायनी
१३ डिसेंबर १९७८

हार्लनकाका,

शनिवारी गावात जाणार नाही. तळ चामड्याचेच आहेत आणि तसेच राहतील.

दोन पत्रं लिहून फाडली. आईला मी सांगणार नाही. ते तुम्ही जाऊन, तिच्यासमोर बसून सांगायचं.

डेल्फा


शेरिडन
१८ डिसेंबर १९७८

चि. डेल्फा हिस,
आईचे आशीर्वाद.

इकडे थंडी कडाक्याची आहे, मी ठीक आहे. लोकरीचे मोजे पाठवते आहे. बुटात दोन जोड घालू नकोस, पाय आवळतो.

काल हार्लन भावोजी आले. हॅट हातात धरून दारातच उभे राहिले आणि सगळं बोलले. बोलता बोलता लहान मुलासारखे रडले. मला नवीन काहीच नव्हतं. तुझ्या बाबांना आणलं तेव्हा डावा बूट पायात नव्हता, तो रिकिबीतच अडकून राहिला होता. तो मी माझ्या हाताने सोडवला. तळ मी तेव्हाच पाहिला, आणि असं काम आपल्या गावात कोण करतं तेही मला ठाऊक होतं.

चूक कुणाकडूनही होते, पोरी. त्या चुकीबद्दल मी त्यांना केव्हाच माफ केलं असतं. पण सहा वर्षं दर रविवारी त्यांना वाढताना मला वाटायचं, आज बोलतील. ते बटाट्याची तारीफ करून घरी जायचे. काल मी त्यांना शांतपणे म्हटलं, "भावोजी, आता रविवारी येऊ नका."

त्यांनी हॅट घातली आणि गेले. आज त्यांचं दुकान बंद आहे.

तू सांभाळून राहा. आठवड्याला एक तरी पत्र येऊ दे.

तुझी,
आई