प्रशांत अजून इथेच

किन्हीराजा, मंगळवार, दिवेलागण

व्हिसाची मुलाखत पुन्हा पुढे ढकलली. आता थेट उन्हाळ्यात. पासपोर्टवर शिक्का घ्यायला म्हणून प्रशांत पंधरा दिवसांसाठी अमेरिकेहून आला होता. पोळा गेला, दिवाळी गेली. सूनबाई आणि लहानगी ओवी तिकडेच.

आज तो बँकेच्या कामाला निघाला, तर त्याच्या आईने हातावर दही ठेवलं. मी म्हटलं, "अवं, मालेगावले जाऊन राह्यला तो, अमेरिकेले नाही!"

"जानं ते जानंच. तुमी गप बसा."

प्रशांतने मुकाट्याने दही चाटलं. रोज झोपण्याआधी विरजण लावते ती. उद्याच बोलावणं आलं, तर घरात दही नको का?

आणि मी? खरं लिहू? मला बरंच वाटत होतं. दिवस कलला की तो ओट्यावर शेजारी येऊन बसतो. शाळेतली एखादी कविता मी सुरू करतो, पुढच्या ओळी तो म्हणतो. हे सुख किती वर्षांनी! राहू दे अजून थोडे दिवस, असं मनात यायचं.

पण आत्ता ओवीचा फोन आला. तिकडे सकाळ, शाळेची घाई. "बाबा, रिबन सुटली," म्हणत तिने डोकं फोनपुढे केलं. प्रशांतचा हात आपसूक उठला, काचेपर्यंत गेला, आणि तिथेच थांबला.

आज मी कविता सुरू केलीच नाही. जाऊ दे रे देवा याला. लवकर जाऊ दे.