सोनाबाईचा विसावा

कर्जत, मंगळवार, ११ जानेवारी १९४४

आज सकाळच्या गाडीने पुण्याहून आले. घाट उतरताना खिडकीशी जागा मिळाली. बोगदा संपला की ऊन, पुन्हा अंधार, पुन्हा ऊन. लहान मुलीसारखी बोगदे मोजत बसले आणि मध्येच चुकले. स्टेशनवर डॉक्टर गुप्ते स्वतः घ्यायला आले होते. साठीचे, बुटके, फार बोलके. माझी खोली त्यांच्या दवाखान्याच्या माडीवर आहे. खिडकीतून माथेरानचा डोंगर दिसतो. खाली भजीवाला बसतो, त्याचा वास थेट वर येतो. मी खूष आहे.

पत्रात लिहिलं होतं ते काम डॉक्टरांनी पुन्हा समजावलं. इथली माणसं घरीच मरतात. रोग्याला औषध मी देतो, ते म्हणाले, पण त्याच्या उशाशी महिनोन्‌महिने बसणाऱ्या बाईकडे कोण बघतं? मी तिच्याकडे बघायचं. तिला रोग्याला उचलायचं कसं, कुशीवर वळवायचं कसं, जखमा धुवायच्या कशा ते शिकवायचं, आणि मुख्य म्हणजे तिला विश्रांती घ्यायला लावायची. नर्स म्हणून वॉर्डात बारा वर्षं काढली, पण असं काम मला कुणी सांगितलं नव्हतं.

शनिवार, १५ जानेवारी

काल संक्रांत. डॉक्टरांच्या घरचा तिळगूळ पिशवीत घालून आज पोशीरला गेले. नेरळपर्यंत गाडी, पुढे पायी. भात केव्हाच झोडून झालंय, शेतांत वाल हिरवागार उभा आहे.

घर नामा नावाच्या शेतकऱ्याचं. तो रेल्वेच्या गँगमध्येही जातो, संध्याकाळी परततो. त्याचे वडील आबाजी अकरा महिने बाजेवर पडून आहेत. अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. सगळं करते ती नामाची बायको सोनाबाई. चाळिशीची असेल. हात रापलेले, डोळे खोल गेलेले. मूलबाळ नाही.

मी शिकवायला गेले आणि बघतच राहिले. अकरा महिने पडलेल्या माणसाच्या पाठीवर नाण्याएवढीच एक जखम. पांघरूण धुतलेलं, नखं कापलेली, तोंडाला वास नाही. दर दोन तासांनी ती त्यांची कूस बदलते. एक हात मानेखाली, एक कमरेखाली, आणि तोंडाने हळूच म्हणते, 'आबा, फिरा आता.' ते काहीतरी घोगरं बोलतात, ते फक्त तिलाच कळतं. तिला घड्याळ वाचता येत नाही, पण मी माझं काढून पाहिलं, वेळ एका मिनिटानेही चुकली नव्हती.

बुधवार, १९ जानेवारी

आज तिसऱ्यांदा गेले. सोनाबाई झोपत नाही. कमी झोपते असं नव्हे, बसल्या बसल्या डोळा लागतो तेवढाच. आज चुलीपुढे तिचा हात पोळला आणि तिला ते कळलंच नाही.

मी खोदून विचारलं तेव्हा तिने सांगितलं. सहा वर्षांपूर्वी सासू अशीच पडून होती. एक दिवस दुपारी सोनाबाई जरा आडवी झाली आणि उठली तो सासू गेलेली. हे सांगताना ती माझ्याकडे न बघता आबाजींच्या पायाला खोबरेल चोळत होती. म्हणाली, 'मी निजले नं ती गेली, बाई. तोंडात पानी बी नाय पडलं. आबांचं तसं व्हायचं नाय. मी देवाला सांगितलंय.'

मी तिला म्हटलं, तुमच्या झोपण्यामुळे त्या गेल्या नाहीत, त्यांची वेळ आली होती. तिने मान हलवली. पटलं नव्हतं.

सोमवार, २४ जानेवारी

डॉक्टर म्हणतात, म्हाताऱ्याचे आठ-पंधरा दिवस उरलेत. पण त्याआधी सूनच पडेल. तिची नाडी त्यांना आवडली नाही. तिला माहेरी पाठवा, चार दिवस झोपू द्या, असं त्यांनी निक्षून सांगितलं. माहेर कळंबला, पुढेच दोन कोसांवर.

आज अख्खी दुपार मी तिच्या विनवण्या केल्या. शेजारची भागूबाई मला बाजूला घेऊन म्हणाली, तिला हलवू नका, ती या सेवेवरच उभी आहे. मी हसण्यावारी नेलं. शेवटी नामानेच बायकोला जा म्हटलं, आणि तिच्या जागी मी राहीन असं मी कबूल केलं. तेव्हा सोनाबाईने मला एकच विचारलं. कूस चुकवणार नाही ना? मी तिच्या हातावर हात ठेवून वचन दिलं.

पोशीर, बुधवार, २६ जानेवारी

सकाळी तिचा भाऊ पोपट बैलगाडी घेऊन आला. गाडीत बसल्यावर सोनाबाई दोनदा उतरली. एकदा पेजेत मीठ किती ते सांगायला, एकदा नुसतीच दारात उभी राहायला. गाडी वळणाआड गेल्यावर आबाजी रडले. मी त्यांचे डोळे पुसले.

दिवसभर काम केलं. माझी पाठ मोडली. प्रशिक्षण घेतलेली मी, आणि ही बाई हे अकरा महिने एकटी करत होती.

गुरुवार, २७ जानेवारी

क्रमाने लिहिते.

दुपारी एकला आबाजींना डाव्या कुशीवर केलं. भिंतीला टेकले, तिथेच माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा साडेतीन. वचन मोडलं म्हणून दचकून उठले. आबाजी उजव्या कुशीवर होते. धोतर बदललेलं, ओठ ओले. कुंपणावर धुतलेली फडकी वाळत होती.

भागूबाईने केलं असेल असं वाटून तिचे आभार मानायला गेले. ती वालाच्या शेतात होती, सकाळपासून. माझा त्या घरात पाय नाय पडला, म्हणाली.

दिवेलागणीला पोपट चालत आला. गाडी नाही, पायांत वहाणा नाहीत. म्हणाला, सोनाबाई काल पोचल्यावर जेवून झोपली. कुणी उठवलं नाही, झोपू दे म्हणून. आज दुपारी वहिनीने हाक मारली तेव्हा अंग केव्हाचंच गार होतं.

नामा त्याच पावली कळंबला गेला. आबाजींना कुणी सांगितलं नाही. पण ते दाराकडे बघत होते आणि रडत नव्हते.

शुक्रवार, २८ जानेवारी

तिकडेच सगळं उरकून नामा परतला. माझ्याशी वाईट बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. बाई, ती तुमचं ऐकून गेली, एवढंच म्हणाला आणि ओटीवर जाऊन बसला.

तिला झोपवायला मी आले होते. मी तिला झोपवलं.

रविवार, ३० जानेवारी

आज झोपले नाही. मुद्दाम बाजेच्या पायथ्याशी पाटावर बसले, तोंडावर पाणी मारत. नामा कामावर, अंगणात टळटळीत ऊन, कोंबड्या दाणे टिपत होत्या.

तीन वाजता वाकळेवर उशाकडच्या बाजूला खळगा पडला. कुणी टेकल्यासारखा. मग आबाजींची मान उचलली गेली. नीट, सावकाश, खाली हात असल्यासारखी. ते वळले. स्वतःहून त्यांना कूस बदलता येत नाही. पेजेची वाटी जागची हलली नाही, पण आबाजींनी तोंड उघडलं, गिळलं, पुन्हा उघडलं. वाटीतली पेज उतरत गेली.

मी ओरडले नाही. मला आधी वाटलं ते हे, की किती छान करते आहे. भीती मागून आली.

बुधवार, २ फेब्रुवारी

डॉक्टर आले. पाठ बघून म्हणाले, जखम भरली. मरणाऱ्या माणसाची जखम भरत नसते, हे त्यांनाही माहीत आहे, मलाही. नाडी सुतासारखी आहे, पण तुटत नाही. माझी फार स्तुती केली. मी खरं सांगितलं. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि परत कर्जतला चला म्हणाले. मी गेले नाही.

ते गेल्यावर आबाजी घोगरं काहीतरी बोलू लागले. इतके दिवस कळत नव्हतं, आज कळलं. एकच शब्द. पुरे.

डोळ्यांतून धार लागली होती. त्यांना जायचं आहे. ती जाऊ देत नाही.

शुक्रवार, ४ फेब्रुवारी

आज वाटी मी उचलून घेतली. म्हटलं, आता भरवायचं नाही. माझी बोटं एकेक करून सोडवली गेली. जोर नव्हता. हट्टी रोग्याच्या हातातून आपण काही काढून घेतो तसं, मायेने. तिचा हात गार नव्हता. चुलीपुढून उठून आल्यासारखा ऊन होता.

नामाला सांगितलं. त्याला माहीत आहे. म्हणून तो दुपारी घरी थांबत नाही. म्हणाला, 'ती हाय, तर असू दे ना, बाई. माझं घर तरी चालतंय.'

शनिवार, ५ फेब्रुवारी

झालं. सांगते.

तीन वाजता खळगा पडला तशी मी त्याच्या समोर बसले. बोलले. सोनाबाई, तुमच्याकडून काही राहिलं नाही. सासूचंही नाही. आबा थकलेत. त्यांना पाणी तुमच्याच हातचं हवंय, शेवटचं. मग सोडा त्यांना. मी तुम्हाला बळेच पाठवलं, त्याची माफी मागते.

 मग तांब्यातल्या पाण्यावर लहर उठली. आबाजींचे ओठ ओले झाले. त्यांनी एक घोट घेतला, दुसरा ओघळला. चेहरा सैल पडला. गेले.

खळगा तसाच होता. मी म्हटलं, आता तुम्हीही विसावा घ्या. तो हळूहळू भरला.

नामाला बोलावणं पाठवलं. तो बापाच्या पायांवर डोकं ठेवून खूप रडला, बायकोसाठीही तेव्हाच रडला.

कर्जत, सोमवार, ७ फेब्रुवारी

काल सगळं आटोपून परतले. रात्रभर मेल्यासारखी झोपले. आज दुपारीही झोपले. डावीकडे तोंड करून पडले होते, उठले तेव्हा उजवीकडे. झोपेत माणूस वळतोच.

केस विंचरलेले होते. घट्ट वेणी. मी अंबाडा घालते.

मंगळवार, ८ फेब्रुवारी

थोडी कणकण आहे. डॉक्टर म्हणतात, दगदग. मी दाराला कडी लावून बसले, बाहेर भजीवाल्याची गडबड, लख्ख ऊन. तीन वाजता उशीजवळ गादी दबली.

उठून उभी राहिले. म्हटलं, सोनाबाई, मी आजारी नाही. मी धडधाकट आहे. तुमचं काम संपलं.

खांद्यांवर हात आले. मला निजवलं. मी जोर लावला. जोर चालला नाही.

बुधवार, ९

पाय उचलत नाहीत. सकाळी होते, दुपारनंतर नाहीत. तोंडात पेजेची चव. मीठ बरोबर.

डॉक्टर घाबरलेत. उशाशी बसायला कुणी बाई बघतो म्हणाले. मी नको म्हटलं. कुणी आलं तर ती बिचारी पण — त्यांना काय समजावू.

तिला हाक मारली, रागावले, हात जोडले. ती ऐकते. ऐकून घेते आणि पांघरूण सारखं करते. मी पण असंच करायचे, वॉर्डात. रोगी काहीही बोलो.

गुरुवार

उजवा हात जड. डाव्या हाताने लिहिते. घड्याळ बघायची गरज नाही —

पुरे म्हटलं. तिला कळलं नाही. की माझं बोलणंच घोगरं —

मानेखाली हात आला. आता कमरे — दौत बाजूला सरकवते आहे, सांडू नये म्हणून, किती जपून ती —