तुमच्या वाट्याचा रोट

धुळे,
पोळ्याच्या आधीचा शुक्रवार, १९८९

प्रिय पितांबर,

हा शब्द लिहून मी चहा टाकायला उठले. चहा झाला, पिऊन झाला, परत येऊन बघते तर शब्द तिथेच. मग म्हटलं राहू दे. ‘श्री. पितांबर यांस’ असं लिहिलं असतं तर थकबाकीची नोटीस आली असं वाटून तुम्ही पत्र फोडलंच नसतं. मी कुंदा. नावावरून ओळखणार नाही, कारण माझं नाव त्या दिवशी सगळ्यांनी काचेला सांगितलं. मुंबईच्या विमानतळावर तुमच्या घरच्या माणसांत एक हिरव्या साडीतली मुलगी होती, जिला तुमचे सुकदेवमामा खांद्याला धरून सारखे पुढे ढकलत होते, ती मी. तुम्हाला काचेपलीकडून सगळं दिसलं आणि ऐकू काहीच आलं नाही. दुपारनंतर तुमचे आबा एकदम पिशवीवर डोकं धरून बसले, आई वर बघून हात जोडायला लागल्या, मामा माझ्याकडे बोट दाखवून नाचायचेच बाकी राहिले, तेव्हा तुम्ही काचेला नाक लावून ‘काय झालं, काय झालं’ विचारत होतात. विमान लागलं, तुम्ही गेलात, पण कोणी धड उत्तर दिलं नाही. तुमच्या घरून आता पत्र गेलं आहे. ते मला माहीत आहे, कारण मामांनी ते टाकायच्या आधी आमच्या ओसरीवर मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यात तुमचं माझ्याशी लग्न ठरल्याचं लिहिलं आहे. कशामुळे ठरलं ते लिहिलेलं नाही, आणि तुम्हाला विचारलेलं तर अजिबात नाही.

आधीपासून सांगते. तुमचं मस्कतहून पत्र आलं की कंपनी तुमच्या टोळीला सिंगापूरच्या कामावर नेते आहे, वाटेत मुंबईला विमान बदलायचं आहे, मधे आठ तास मोकळे आहेत, पण सगळ्यांचे पासपोर्ट कंपनीच्या माणसाकडे असल्यामुळे कोणाला बाहेर पडता येणार नाही. यातला शेवटचा भाग पाचोऱ्यात कोणी वाचलाच नाही. दोन वर्षं घर न बघितलेला मुलगा मुंबईत आठ तास रिकामा बसणार म्हटल्यावर एवढ्या वेळात काय काय उरकता येईल याची तुमच्याकडे बैठक बसली. आबांना शिंप्यासाठी तुमचं माप हवं होतं. आईंना कानबाईचा रोट तुमच्या तोंडात घालायचा होता. मामांना तुमचं लग्न जमवायचं होतं. मुलगी दाखवायला आठ तास म्हणजे चंगळ झाली, मी तर पितांबरच्या मामीला बैलगाडीतून जाता जाता पसंत केलं, असं मामांचं म्हणणं. ते तडक धुळ्याला आले आणि आमच्या नानांना, म्हणजे माझ्या वडलांना, त्यांनी मुंबईला यायला राजी केलं. मी एस.टी. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसते, त्यामुळे आम्हाला पास होता. नाना म्हणाले, स्थळ नाही जमलं तरी मुंबई तर बघून होईल. माझ्या लग्नाकडे आमच्या घरी किती आशेनं बघतात हे यावरून तुम्हाला कळेल.

आता रोटाचं. परदेशात विसरला असाल म्हणून आठवण देते. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं गहू मोजायचे, दळायचे, त्याचा कानबाईला रोट करायचा आणि तो फक्त कुळातल्यांनीच खायचा. जावयानं खायचा नाही, मामानं खायचा नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीनंसुद्धा नाही. जो खाईल तो भाऊबंद. गेली दोन वर्षं तुमच्या नावाचे गहू दळले जात होते आणि तुमच्या वाट्याचा रोट दुसरंच कोणी खात होतं, हे तुमच्या आईंच्या मनाला फार लागलं होतं. यंदा कानबाई रविवारी बसली, सोमवारी उठली, आणि मंगळवारी तुम्ही मुंबईत. आईंना यात देवीचा हात दिसला. तुमच्या थोरल्या भिकुआजींनी आडकाठी घातली की रोट वेशीबाहेर जात नाही, आणि गेलाच तर परत घरात येत नाही. आई म्हणाल्या, परत आणायचाच कशाला, पोरगा खाईल तिथंच. मग आजी ‘मीबी येस’ म्हणून गाडीत बसल्या, रोटावर नजर ठेवायला. त्यांना दिसत नाही, हे तुमच्या घरी सगळेच सांगतात.

काच बघून आधी कोणाचा विश्वास बसला नाही. आबांना वाटलं, कुठेतरी दार असेल. त्यांनी काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हात लावून पाहिला, आणि तुम्हीही आतून त्यांच्याबरोबर चालत गेलात. मग ते ओरडून बोलायला लागले. गोठ्यातल्या म्हशीपासून पाचोऱ्यातल्या पावसापर्यंत सगळी हकीकत त्यांनी काचेला सांगितली आणि तुम्ही प्रत्येक वाक्याला मान हलवलीत. मापाचं मात्र तुम्ही बरोबर ओळखलंत. आबांनी शिंप्याची टेप काचेला चिकटवून धरली, आणि तुम्ही विती टाकून छाती मोजलीत, बाही मोजलीत, बोटं वर करून दाखवलीत. तुमच्या शेजारी एक गोरं जोडपं बसलं होतं. त्यांना बहुधा वाटलं असावं की आपल्याकडे विमानात बसायच्या आधी असं करायची रीत आहे, कारण थोड्या वेळानं तो माणूसही स्वतःची छाती चाचपायला लागला. आबांनी सगळी मापं तळहातावर लिहून घेतली आणि घामानं ती पुसली गेली, हे मी तुम्हाला सांगितल्याचं त्यांना कळवू नका. तुमचा सफारी अंदाजे शिवला जाणार आहे.

त्यानंतर मामांनी मला पुढे केलं. मुलगी बघायला येतात तेव्हा पोहे असतात, पदर सावरायला उंबरा असतो, आणि नजर चुकवायला निदान पोह्याची बशी तरी असते. मला काचेसमोर उभं करून मामांनी डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं, बाजारातल्या गोऱ्ह्यासारखं चालवून दाखवलं. तुम्हाला काय वाटलं ते तुमच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. तुम्हाला वाटलं, ही कोणी दुसऱ्याच प्रवाशाची नातेवाईक आहे, गर्दीत वाट चुकली आहे आणि मामा तिला रस्ता दाखवताहेत. तुम्ही नमस्कार केलात, मग माझ्या मागच्या बाकाकडे बोट दाखवून, दमला असाल, बसा, अशी खूण केलीत. मामा म्हणाले, बघा, मुलानं पसंत केली, बसायला सांगतो. मी बसले. दिवसभर खिडकीत बसून मी लोकांना गाड्या सांगते, काच आणि जाळीमागून कोणाचं काय चाललं आहे ते ओठ हलायच्या आत ओळखायची मला सवय झाली आहे. इतक्या वर्षांत समोरच्यानं कधी मला, दमलात का, असं विचारलेलं आठवत नाही. पण तेवढ्यानं मी विरघळले असं समजू नका. मी तशी कडक आहे, स्टँडवर कोणालाही विचारा.

मला जे झालं ते जेवणाच्या वेळी झालं. आईंनी कळण्याच्या भाकरी, ठेचा, सगळं सोडलं, सगळ्यांना वाढलं, आणि स्वतः काचेकडे तोंड करून बसल्या. आबांनी सांगून पाहिलं, माझ्या आईनं आग्रह केला, पण त्यांचं एकच, ‘मना आंडोर तठे उपाशी शे, मी कशी खाऊ?’ त्यांचा आवाज तुम्हाला ऐकू जाणं शक्य नव्हतं. तरी तुम्ही उठलात, काचेजवळ येऊन फरशीवर मांडी घातलीत, आणि समोर काही नसताना जेवायला लागलात. भाकरी मोडलीत, ठेच्याला लावलीत, तिखट लागलं म्हणून नाक पुसलंत, पाणी प्यालात. शेवटी समोर कांदा ठेवलात आणि मूठ आपटून तो फोडलात. कंपनीचा माणूस धावत आला, त्याला वाटलं तुम्हाला काही झालं. इकडे तुमच्या आईंना इतकं हसू आलं की त्यांना पदर तोंडात धरावा लागला. ‘श्रावण शे रे बाबा, कांदा काय फोडस,’ असं म्हणत म्हणत त्यांनी भाकरीचा पहिला घास घेतला. घास चावत त्या रडतही होत्या. तुम्ही दुसरी भाकरी मागितलीत. मी माझ्या ताटाकडे बघत बसले आणि माझ्या लक्षात आलं की हा माणूस मला आवडला आहे. आता काय करायचं ते मला कळेना, कारण तुमच्या लेखी मी अजून कोणा परक्याची वाट चुकलेली नातेवाईक होते, आणि मामांच्या भरवशावर राहिले असते तर संध्याकाळपर्यंत डावीकडे-उजवीकडेच वळत राहिले असते.

जेवणं झाल्यावर आईंनी फडक्यातून रोट काढला आणि दारावरच्या शिपायाला हात जोडले. तो भला माणूस होता, पण म्हणाला, मावशी, आत तुळशीचं पानसुद्धा नेऊ देत नाहीत. आईंनी त्याला कानबाईची सगळी कथा सांगितली, त्यानं ती उभ्यानं ऐकली, देवीला नमस्कारही केला, आणि रोट परत दिला. मग पेच पडला. घरी परत न्यायचा नाही, टाकायचा नाही, परक्याला द्यायचा नाही, सूर्य मावळायच्या आत संपवायचा. आबांनी स्वतःचा वाटा खाल्लेला आणि वर चार भाकरी. आई म्हणाल्या, माझ्या लेकराचा वाटा माझ्या घशाखाली उतरणार नाही. आजींना रोट चावत नाही. मामा रात्रभर तो रोट मांडीवर घेऊन आले होते, पण त्यांना खायचा अधिकार नाही. तुम्ही पलीकडे उभे राहून हातानं ‘द्या, द्या’ करत होतात. सगळ्यांचं बोलणं वाढत चाललं होतं, तेवढ्यात भिकुआजींनी फडक्यातून तो रोट उचलला, माझ्यासमोर धरला आणि म्हणाल्या, ‘खाय वं माय, सकायपासून उभी शे.’ मी घेतला आणि खाल्ला. गोड होता. शेवटचा घास तोंडात असताना आईंची किंकाळी ऐकू आली.

बाकीचं तुम्ही बघितलं आहे, आता त्याला आवाज लावून घ्या. आबा ‘कुळाचा रोट बाटला’ म्हणून पिशवीवर बसले. आई देवीची क्षमा मागत होत्या. माझी आई सगळ्यांच्या पाया पडून सांगत होती की पोरीचा जन्म स्टँडवर चालला आहे, तिला रोट काय आणि देव काय, अज्ञानात झालं, पदरात घ्या. मी खाली मान घालून उभी होते. तेव्हा मामांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रोट परक्यानं खाल्ला तर दोष, पण घरच्या सुनेनं खाल्ला तर कसला दोष? आबांनी मान वर केली. आईंनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. भिकुआजी शांतपणे तोंड पुसत म्हणाल्या, ‘आते हाई आपलीच शे. हिरवी साडी शोभस बी हिले.’ आजींना दिसत नाही ना, मग साडीचा रंग त्यांना कोणी सांगितला, हे मी अजून विचारते आहे. तुमचं विमान लागलं तेव्हा आई तुम्हाला हात हलवून निरोप देत नव्हत्या, सुनेकडे बोट दाखवत होत्या. तुम्ही मात्र हात हलवलात, आणि तोही सगळ्यांनी होकारात धरला.

आता हे पत्र का लिहिलं ते. दसऱ्याला साखरपुडा ठरतो आहे. तुम्ही नसलात तरी चालेल, मामा पाटावर तुमचा फोटो ठेवणार आहेत. तुम्हाला विचारायला हवं असं मी म्हटलं, तर सगळे म्हणाले, कानबाईची मर्जी, तिच्यापुढे पितांबर काय बोलणार. मला देवीच्या धाकानं बांधून आणलेला नवरा नको. तुम्हाला नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, तुमच्या कुळाला कसलाही दोष लागणार नाही, लागलाच तर मला, कारण अज्ञानात काही झालेलंच नाही. आमच्याही घरी कानबाई बसते, पितांबर. रोटाचे गहू दरवर्षी मी निवडते, मोजते मी, आणि परक्या कोणी याला हात लावायचा नाही म्हणून गल्लीतल्या पोरांना दटावते तीही मीच. आजींनी रोट पुढे केला तेव्हा तो काय आहे, कोणाच्या वाट्याचा आहे आणि खाल्ला की काय होतं, हे सगळं मला पुरतं माहीत होतं. नसलेला कांदा फोडून आईला जेवायला लावणाऱ्या माणसाच्या वाट्याचा होता म्हणून खाल्ला. मला तुम्हाला होकार द्यायचा होता आणि मधे काच होती, दुसरं काही सुचलं नाही. हे तुमच्या घरी कळलं तर मला दारात उभं करणार नाहीत, आणि हे पत्र आता तुमच्या हातात आहे, मोडायचं असेल तर त्यांना पाठवून द्या. उत्तर मोठं लिहू नका. मायन्यात ‘प्रिय’ असलं तर मी समजेन. ‘कुंदाताई’ असलं, तरी समजेन.

उत्तर येईपर्यंत तरी तुमचीच,
कुंदा