एक नंबरची डिस्क

प्रिय रविराज,

मी बुद्धप्रिय भीमाप्पा मेत्री, वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि आपल्या वखार-कामगार स्मृती मंडळाचा सचिव. हे पत्र मात्र मी अध्यक्षांना लिहीत नसून, पाचवीपासून माझ्या बाकावर बसलेल्या मित्राला लिहीत आहे. 'ध्वनिमुद्रणे कायमची नष्ट झाली असून यंत्र भंगारात काढावे' असा ठराव तू माझ्या सहीसाठी पाठवलास. त्यावर मी सही करणार नाही. हा रुसवा नव्हे. ठरावातले विधान खोटे आहे, एवढेच.

तंबाखूच्या वखारींत राबलेल्या बायकांचे आवाज आपण त्या लिनक्सवर चालणाऱ्या साठवण-पेटीत ठेवले. आत चार डिस्क आहेत. त्यांतली एक गेली तरी उरलेल्या तिघींच्या आधारे सारे शाबूत राहावे, अशी रचना आहे. गेल्या महिन्यात तशी एक गेली. डिस्कांचा संच अधू झाला, पण चालू होता. खडेबाजारातल्या आपल्या संगणकवाल्या शामूने तुला फोनवर सांगितले, "एक नंबरची काढा, नवी घाला." मी लोंढ्याला भाचीच्या लग्नात होतो. मी येईपर्यंत थांब म्हणालो, तू थांबला नाहीस. डिस्कांवरच्या चिठ्ठ्या कानडी आकड्यांत आहेत आणि कानडी एक गोल असतो, रविराज. तू त्याला शून्य समजलास. ही यंत्रे शून्यापासून मोजतात, हे कुठेतरी ऐकलेले ज्ञान वापरलेस, त्या 'शून्या'नंतरची ती एक नंबरची असे धरलेस आणि चालू पेटीतून शेजारची धडधाकट डिस्क उपसून काढलीस. चारांतल्या दोन गेल्या की असा संच उभा राहत नाही, तो झोपला. जन्मभर निपाणीत बसच्या पाट्या पाहूनही तुला कानडी एक ओळखू आला नाही, यावर चहावाला भावकू त्याच्या गाड्यावर म्हणाला, "आप्पा, अध्यक्षांनी कन्नडला शून्य मार्क दिलं की वो!" मी तेव्हा गंभीर राहिलो. घरी येऊन हसलो.

पुढे शामू म्हणाला, "संच नव्यानं तयार करा असं सांगा यंत्राला आप्पा, दोन मिनिटांचं काम हाय." मी साफ नकार दिला. नव्याने तयार करणे म्हणजे जुन्या मांडणीवर दुसरी मांडणी लिहिणे, आणि त्यात आवाज खरोखरच गेले असते. मी यंत्र बंद केले. चिठ्ठ्यांवर विश्वास न ठेवता प्रत्येक डिस्कवर कारखान्याने छापलेला क्रमांक ताडून पाहिला. चालणाऱ्या तिन्हींच्या पूर्ण नकला नव्या डिस्कांवर उतरवल्या. त्यांतल्या एकीवर काही जागा वाचता येत नव्हत्या. नक्कल करणारा प्रोग्राम त्या सोडून पुढे गेला, पुन्हा मागे आला, आणि शेवटी त्याने त्याही वाचल्या. आपल्यावर शेवटची नोंद कोणत्या टप्प्याला झाली, हे प्रत्येक डिस्क जपून ठेवते. खरोखर बिघडलेली डिस्क फार मागे राहिली होती, तर तू काढलेली इतर दोघींच्या किंचितच मागे होती. म्हणून बिघडलेलीला बाजूला ठेवले आणि तीन नकला जोडून, काहीही नवे लिहू न देता, संच उभा केला. आता ठरावातले 'कायमची नष्ट' हे शब्द कितपत खरे आहेत ते तूच पाहा.

तुला फोन केला तेव्हा तू आनंदी होशील असे मला वाटले होते. तू म्हणालास, "कशाला मढं उकरतोस रं? गेलं ते बरं झालं." ते 'बरं' माझ्या मनातून जात नाही. तुझी आई, आमच्या जयाकाकी, वारल्यानंतरच्या पहिल्याच बैठकीत, "आमच्या आईचं तेवढं वगळू या, म्हाताऱ्या माणसाचं बोलणं ते," असे तूच सुचवले होतेस. चिठ्ठी वाचण्यात तुझी चूकच झाली असे मी धरून चालतो. संशयाचा फायदा देतो. पण चुकीतून झालेले नुकसान भरून निघाल्यावरही ज्याला ते नुकसानच हवे असते, त्याला कोणता फायदा द्यावा?

तुझ्या आईचे ध्वनिमुद्रण माझ्या लेकीने, पारमिताने केले होते. संच उभा राहिल्यावर मी ते पहिल्यांदाच ऐकले. त्यातले शब्द जसेच्या तसे देतो. "वखारीत आमचा माठ येगळा, तानीचा येगळा. उन्हाळ्यात आमचा आटला. तानीच्या तांब्यातलं पानी मी प्यालो. घरात कळलं तवा सासूनं चुलीपाशी येऊ दिलं न्हाय. दुसऱ्या दिवशी परत प्यालो. रव्याला सांगितलं तर म्हनतोय, आये, हे कुटं बोलू नगंस. म्हनून हितं बोलतो. ऱ्हाऊ दे हे." तानी म्हणजे माझी आई, तानीबाई, हे तुला सांगायला नको. तिने मला हे कधीच सांगितले नव्हते. मैत्रिणीला घरात त्रास होऊ नये म्हणून ती मरेपर्यंत गप्प राहिली. जयाकाकी मात्र गप्प राहिल्या नाहीत, आणि त्यांना गप्प करण्याचा अधिकार मंडळाला नाही, अध्यक्षांना नाही, मुलालाही नाही. आपल्या ध्वनिसंग्रहाच्या उद्घाटनाला पहिला आवाज त्यांचाच वाजेल. हे पत्र त्यासाठी आहे. त्या दिवशी पुढच्या रांगेत माझ्या शेजारची खुर्ची तुझी असेल. ती मी दुसऱ्या कुणाला देणार नाही, आणि तू आला नाहीस तरी आवाज थांबवणार नाही.

तुझाच,
बुद्धप्रिय भीमाप्पा मेत्री
निपाणी, ८ फेब्रुवारी २०२५