काळं राहू द्या

प्रिय श्रिया,

हातात फोन असताना आईला पत्र कुठून सुचलं, असं तुला वाटेल. पण आपल्या घरातला फोन म्हणजे चावडी झालाय. तू 'हॅलो' म्हणायच्या आत तुझे बाबा स्पीकर लावतात आणि शेजारी बसून चकार शब्द बोलत नाहीत. आज ते लोहाऱ्याला एका जुन्या विद्यार्थ्याच्या वास्तुशांतीला गेलेत, संध्याकाळच्या एसटीनं येतील. तेवढ्यात लिहून घेते. दर वेळी तू मला आडून आडून विचारतेस, बाबा माझ्या कामाबद्दल काही म्हणाले का? मी आपली 'नाही गं' म्हणत आले, आणि ते खरंच होतं. जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या माणसाला, मुलीनं कॅमेरा खांद्यावर टाकून गावोगाव फिरावं हे काही पचलं नव्हतं. आणि पचलं नाही की ते भांडत नाहीत, गप्प बसतात. त्यापेक्षा भांडलेले बरे, असं मला कितीदा वाटलं.

पण तेरखेड्यात फटाके वळणाऱ्या बायकांवरची तुझी फिल्म टीव्हीवर लागणार असं कळलं आणि घरात गंमत सुरू झाली. चित्र जुन्या टीव्हीसारखं चौकोनी आहे, दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसतील, ते घालवायला जाऊ नका, हा तुझा निरोप मी त्यांना ऐकवला. ते नुसतं 'हं' म्हणाले. दुसऱ्या दिवशी बघते तर पेपरच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलीनं आयत काढत बसलेले! मग मलाच विद्यार्थिनी केलं. जुना टीव्ही चारास तीन, म्हणजेच बारास नऊ. आताचा सोळास नऊ. बाराचं चित्र ओढून सोळा केलं की माणूस तिसऱ्या हिश्शानं फुगतो, आणि न ओढता सगळंच मोठं करून पडदा भरला, तर वरचं-खालचं मिळून चित्राचा चौथा हिस्सा कापला जातो. एवढं मला समजलं. पण ते फोर-के, पिक्सेल सुरू झालं तेव्हा माझं डोकं चालेना. दोन दिवसांनी दारात रांगोळीचे ठिपके घालताना लख्ख उजेड पडला. अंगण तेवढंच, पण ठिपके चौपट आणि जवळजवळ घातले की मोराचा पिसारा बारीक निघतो. तुझ्या फिल्ममध्ये ठिपके कमी, आपल्या नव्या टीव्हीत जास्त. मधले ठिपके तो अंदाजानं भरून घेतो. मी तशीच आत जाऊन त्यांना सांगितलं, तर इतके खूश झाले, की दूध घालायला आलेल्या बजरंगला थांबवून त्यालाही रांगोळी दाखवली. बिचाऱ्याची बाकीची घरं राहिली.

रविवारी दुपारी बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. तुझे मोठे काका, आण्णासाहेब, मधोमध खुर्चीत, आणि रिमोट अर्थातच त्यांच्या हातात. आपल्याकडं आरती असो की रिमोट, मान थोरल्याचा. फिल्म सुरू झाली, बाजूचे काळे पट्टे दिसले आणि ते वैतागले. एवढा मोठा टीव्ही आणला आणि दोन्हीकडून बंद ठेवला, म्हणाले. त्यांनी बटण दाबलं, तशी तुझ्या फिल्ममधली ती काटकुळी कडूबाई एकदम गरगरीत झाली. पोरं हसायला लागली. मग त्यांनी दुसरं काहीतरी दाबलं. पडदा भरला खरा, पण वरून कडूबाईचं कपाळ गेलं आणि खालून हात गेले. अगं, ती फटाक्याची सुरळी वळत होती! तू सगळी फिल्म त्या हातांवर काढलीस, आणि हातच दिसेनात. पण मी घरातली धाकटी सून, मोठ्या दिरांना काय बोलणार?

आणि तुझे बाबा उठले. ज्या माणसानं थोरल्या भावापुढं कधी मान वर केली नाही, स्वतःच्या लग्नाची तारीखसुद्धा भावानं ठरवली तीच धरली, त्यांनी आण्णासाहेबांच्या हातातून रिमोट काढून घेतला.

"आण्णा, काळं राहू द्या," ते म्हणाले. "पोरीनं जेवढं दाखवायचं ठरवलंय, तेवढंच आपण बघायचं."

त्यांनी चित्र पहिल्यासारखं केलं आणि शेवटपर्यंत रिमोट दोन्ही हातांत धरून उभेच राहिले. कडूबाईचे हात सुरळ्या वळत राहिले, आणि हळूहळू आण्णासाहेबही खुर्चीत पुढं सरकून बघायला लागले. मला तुझा अभिमान वाटतोच, तो मी पेढे वाटून गल्लीभर सांगितला. पण त्या दिवशी मला माझ्या नवऱ्याचाही फार अभिमान वाटला, आणि तो मी कुणाला सांगू? म्हणून तुलाच सांगते.

शेवटी तुझं नाव आलं. नुसतं 'श्रिया'. मागं ना वडिलांचं नाव, ना आडनाव. तू पुण्याला निघालीस तेव्हा आण्णासाहेब म्हणाले होते, काय करायचं ते कर पण घराण्याचं नाव त्यात ओढू नकोस, आणि तुझे बाबा तेव्हा गप्प बसले होते. तू ते शब्दशः पाळलंस, हे मला तिथं कळलं. त्यांनाही कळलं असावं. त्या दिवशी ते फारसे जेवले नाहीत. काल सकाळी चहा पिताना माझ्याकडं न बघता म्हणाले, "तिला विचारशील का, पुढच्या वेळी माझं नाव लावेल का? आडनाव नसलं तरी चालेल. नुसतं नारायण." मी म्हटलं, फोन लावून देते, तुम्हीच विचारा. तर म्हणाले, फोनवर नको, तिला नाही म्हणायचं असेल तर अवघड जाईल. म्हणून हे पत्र, बाळा. हो किंवा नाही, तुझ्या मनात असेल ते लिही. फक्त उत्तर मला धाडू नकोस, त्यांच्या नावानं धाड.

तुझीच,
आई