करदोड्याचा वळ

मंगळवार, संध्याकाळ. मोरवा.

आज आंघोळ करताना पाहिलं तर करदोडा पोटात रुतलेला. वर चरबी, खाली चरबी, मधला काळा दोरा दिसेचना. सरकवला तर खाली लाल वळ. हा वळ मी आधी पाहिलाय, बाबांच्या पोटावर. त्यांना स्मशानात न्यायच्या आधी करदोडा मीच कापला होता. इतका रुतलेला की कात्रीचं पातं आत जाईना. तेव्हा ते माझ्या आत्ताच्या वयाचे होते. की मीच एखाद्या वर्षाने मोठा?

बायको कात्री घेऊन आली. "केवढा घट्ट झालाय! थांबा, कापते." मी ओरडलोच तिच्यावर. बिचारी दचकली. आई बाहेरून म्हणाली, "आधी नवा बांध, मंग जुना काप. जित्या माणसाची कंबर मोकळी ठेवायची न्हाय."

नवा बांधला, चांगला सैल. पण जुन्याला कात्री लावायला हात होईना. काय हे खूळ? बसून बसून वजन वाढलंय, दुसरं काय?

"कापलास ना?" आईने विचारलं. हो म्हणालो.

शर्टाखाली अजून दोन्ही आहेत. लिहायला वाकलो की जुना रुततोय, त्याच वळात.