शेवट मी बदलला

डिचोली, रविवार संध्याकाळ

मी खोटं का सांगितलं, तेच कळत नाही.

सकाळी नेहमीसारखी सुहाससोबत आमोण्याला नदीकाठी पक्षी बघायला गेले. आम्ही एकाच शाळेत शिकवतो, रविवारी फिरतो, एवढंच. शेतात शराटी पक्ष्यांचा थवा उतरला तेव्हा दुर्बीण त्याने आधी माझ्या हातात दिली. तेही नेहमीचंच. परतताना म्हणाला, "आज घरा ये. आई आसा. जेवून सिनेमा बघूया."

जेवलो, सिनेमा लावला आणि अर्ध्यातच हा झोपला. माझ्यासमोर, तोंड उघडं टाकून! उरलेला सिनेमा त्याच्या आईने आणि मी बघितला. शेवटी त्यातली बाई तिच्यावर प्रेम करणाऱ्या माणसाला सोडून एकटीच निघून जाते.

मग सुहास जागा झाला. "शेवट कसो जालो?"

"ती परत येते," मी म्हटलं. पटकन. तेही आईंच्या देखत, ज्यांनी सगळं पाहिलं होतं! त्यांनी उठून टीव्ही बंद केला.

मला तो आवडतो का? की नुकत्याच उठलेल्या माणसाला वाईट शेवट सांगवला नाही, इतकंच? आणि तो झोपला तरी कसा? मी त्याला नुसती सवयीची झालेय, की घरचीच वाटतेय?

निघताना आई फाटकापर्यंत आल्या. माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "तुजोच शेवट बरो आसा गो."

मी "हो" म्हटलं. कशाला हो म्हटलं, देव जाणे.